शेवटचा बिट

सकाळी ८.४०

आज बुधवार. उद्या गुरुवार, म्हणजे भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, आणि देखभालीसाठी वीजही बहुधा जाईल. म्हणून जे काही मोजायचं ते आजच मोजून घ्यायला हवं. शेडचं कुलूप मामांनी आधीच काढलंय. मामा आमच्याकडे वायरिंग आणि सोल्डरिंग बघतात.

आम्ही पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारे ट्रान्समीटर बनवतो. टाकीवर बसणारं एक बंद खोकं, आत एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, शेजारी १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, आणि बाहेर पंपघराकडे जाणारी आरएस-४८५ची पिळाची दोन तारांची जोडी. पंपघरातला पीएलसी, म्हणजे तिथला नियंत्रक संगणक, ठरावीक वेळाने विचारतो, आमचं खोकं मिलिमीटरमध्ये आकडा सांगतं. दोघांची भाषा मॉडबस. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने ती आपल्या पीएलसीसाठी काढली आणि आजही गावोगावच्या पाणीयोजना तिच्यावरच बोलतात.

टेबलावर एका पाणीयोजनेहून परत आलेलं खोकं आहे. सोबत ऑपरेटरदादांची वही, तीही त्यांनी आवर्जून पाठवलीय. तक्रार अशी : दिवसभर स्क्रीनवर पातळी येत नाही, मधूनच एखादा आकडा चमकतो आणि जातो. पण परवा रात्रभर आकडा व्यवस्थित येत होता. आदल्या रात्री पहाटेपर्यंत काहीच नव्हतं.

सकाळी ९.१५

साइटवर केबलवर संशय घेऊन झालाय. तो घेणं स्वाभाविकच आहे. लांब केबल, बाजूला पंपाच्या मोटारीची पॉवर केबल, पावसाचे दिवस. त्यांनी केबल बदलली, शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडली, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. सगळं बरोबर केलं. तक्रार जशीच्या तशी राहिली.

मला खटकतं ते रात्रीचं. विजेच्या गोंगाटामुळे बिघडणारा संदेश असा शिस्तीत बिघडत नाही. तो कधीही बिघडतो आणि कधीही सुधारतो. रात्रभर सलग चालणं आणि रात्रभर सलग न चालणं, ही गोंगाटाची खूण नव्हे.

एक गोष्ट वहीतच सापडली. आमचे ट्रान्समीटर बाकी सगळीकडे १९२०० बॉडवर चालतात. या साइटवर त्याच केबलवर एक जुना फ्लोमीटर आहे, त्याला ९६०० च्या वर जाता येत नाही. म्हणून आमचं खोकंही ९६०० वर सेट केलं गेलं. तसं करायची सोय आम्हीच दिलेली आहे.

सकाळी ९.४५

कोड उघडला. संवादाचा हा भाग फार पूर्वी बाहेरून लिहून घेतलेला आहे, आणि तो थेट रजिस्टरांवर लिहिलेला आहे, याचं मला बरं वाटलं. वर कुठल्या लायब्ररीचे थर नाहीत. चिपमध्ये जे घडतं तेच ओळीत दिसतं.

आमच्याकडे यंदा रुजू झालेली मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसली. कॉलेजात तिने सगळं आर्डुइनोवर केलंय, हात चांगला आहे.

‘मॅडम, सिरियल डॉट प्रिंट लिहिलं की जातंच ना? मग हे सगळं हाताने कशाला?’

‘जातं गं. पण ते नक्की कधी गेलं, हे तुला त्यातून कळतं का?’

मग डेटाशीटचं यूसार्टचं, म्हणजे चिपमधल्या सिरियल संवादाच्या भागाचं, प्रकरण समोर ठेवून बसलो. पत्ता सी० ते सी६ एवढ्या जागेत हा सगळा कारभार आहे. यूबीआरआरमध्ये वेगाचा आकडा. यूसीएसआर-बीमध्ये पाठवणं आणि ऐकणं सुरू करायचे बिट, इंटरप्टचे बिट. यूसीएसआर-सीमध्ये फ्रेमचा आकार : किती बिट, कुठली पॅरिटी, किती स्टॉप बिट. यूसीएसआर-ए म्हणजे हार्डवेअरने आपल्याशी बोलायची जागा, त्यातले बहुतेक बिट आपण वाचायचे. आणि यूडीआर, जिथे प्रत्यक्ष बाइट ठेवायचा किंवा उचलायचा.

यूडीआर मला अजूनही सुंदर वाटतं. पत्ता एक, पण आत दोन वेगळी रजिस्टरं. लिहिलं तर बाइट पाठवायच्या बाजूला जातो, वाचलं तर आलेला बाइट मिळतो. लिहिलेलं परत वाचता येत नाही. ऐकायच्या बाजूला दोन बाइटांची रांग असते, आणि प्रत्येक बाइटबरोबर त्याच्या चुकांचे फ्लॅग येतात. म्हणून फ्रेमिंग किंवा पॅरिटीची चूक आधी वाचायची, बाइट नंतर. उलटं केलं तर बाइट उचलताच रांग पुढे सरकते आणि हातात येतात ते दुसऱ्याच बाइटचे फ्लॅग.

वेगाचा हिशेब तिला कागदावर करायला लावला. १६० लाख भागिले (१६ गुणिले ९६००), त्यातून एक वजा. येतं १०३.१७. रजिस्टरमध्ये अपूर्णांक बसत नाही, म्हणून १०३. प्रत्यक्ष वेग ९६१५, म्हणजे फरक ०.१६ टक्के. १९२०० ला आकडा ५१, फरक तितकाच. कोडमध्ये हेच होतं. इथे दोष नव्हता.

मी शिकले ८०५१ वर. तेव्हा प्रयोगशाळेतल्या प्रत्येक किटवर ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असायचा आणि असा विचित्र आकडा का, हे बरेच दिवस कुणी सांगितलं नव्हतं. त्याला बाराने भागा, मग बत्तीसने, २८८०० येतात, आणि त्याला तीनने भागलं की नेमके ९६००, शिल्लक शून्य. क्रिस्टल निवडतानाच कुणीतरी बॉड रेटचा विचार करून ठेवलेला होता. तिला हे सांगितलं तेव्हा तिने तो भागाकार वहीत स्वतः करून पाहिला.

सकाळी ११.००

चहा. मामांचा चहा गोड असतो.

सकाळी ११.१५

आता पाठवायच्या फंक्शनकडे. आरएस-४८५ मध्ये दोन्ही बाजूंनी बोलायला एकच जोडी असते. म्हणून आपली बोलायची पाळी आली की ड्रायव्हर चिपची एनेबल पिन वर करायची, बोलून झालं की खाली आणायची, म्हणजे तारा दुसऱ्यासाठी मोकळ्या होतात. कोड असा आहे : पिन वर. प्रत्येक बाइटसाठी यूडीआरई फ्लॅगची वाट पाहा, बाइट यूडीआरमध्ये टाका. शेवटचा बाइट टाकल्यावर पुन्हा यूडीआरईची वाट पाहा. मग ६०० मायक्रोसेकंद थांबा. पिन खाली.

ते ६०० पाहून मी पेन खाली ठेवलं.

यूडीआरई म्हणजे ‘डेटा रजिस्टर रिकामं आहे’. पण यूडीआरच्या मागे शिफ्ट रजिस्टर असतं, आणि तारेवर एकेक बिट ढकलायचं काम तिथे चालतं. शेवटचा बाइट यूडीआरमधून शिफ्ट रजिस्टरात उतरला की यूडीआरई लगेच वर येतो. त्या क्षणी त्या बाइटचा फक्त स्टार्ट बिट सुरू झालेला असतो. एसटीच्या थांब्यावर कुणी उरलं नाही म्हणजे सगळे गावी पोहोचले असं होत नाही. शेवटचा माणूस नुकता पायरी चढलेला असतो.

ज्याने हे लिहिलं त्याला एवढं माहीत होतं. म्हणूनच त्याने ६०० मायक्रोसेकंदांचा थांबा घातला. मॉडबसची मूळ रीत १९२०० बॉड, आठ बिट, इव्हन पॅरिटी. स्टार्ट आणि स्टॉप धरून बाइटला अकरा बिट लागतात. १९२०० ला एक बिट ५२ मायक्रोसेकंदांचा, अकरा बिटांना ५७३. सहाशेत बसतं. पण ९६०० ला तोच बाइट ११४६ मायक्रोसेकंद घेतो, आणि आपण सहाशेलाच पिन खाली ओढतो. वेग बदलायची सोय दिली, थांबा मात्र तोच राहिला.

कागदावर एवढं दिसलं तरी ते तारेवर पाहिल्याशिवाय मी मानत नाही.

दुपारी १२.००

स्कोपचे दोन प्रोब. एक मायक्रोकंट्रोलरच्या टीएक्स पिनवर, दुसरा ड्रायव्हरच्या एनेबल पिनवर. तारांच्या जोडीवर वेगळा लॉजिक अ‍ॅनालायझर. ट्रिगर एनेबलच्या उतरत्या कडेवर. मामांनी प्रोबच्या ग्राउंडला छोटी तार सोल्डर करून दिली, कारण लांब क्लिपमुळे कडा थरथरत दिसतात आणि मग मोजमापात शंका राहते.

सेन्सर टेबलावर कोरडा पडलेला, म्हणजे पातळी शून्य. पीसीवरून प्रश्न पाठवला. उत्तराचे सात बाइट यायला हवेत : ०१ ०३ ०२ ०० ०० बी८ ४४. पहिला पत्ता, मग फंक्शन, मग किती बाइट, मग पातळीचे दोन, आणि शेवटी सीआरसीचे दोन. सीआरसी म्हणजे आधीच्या पाच बाइटांवरून काढलेली पडताळणी. तिचा खालचा बाइट आधी जातो, वरचा शेवटी. तारेवरचा शेवटचा बाइट म्हणजे हा ४४.

टीएक्स पिनवर ४४ पूर्ण दिसत होता. अकराही बिट सरळ, टोकदार कडांचे. पण एनेबलची रेघ शेवटच्या स्टार्ट बिटपासून ६०० मायक्रोसेकंदांवर खाली आली होती, अगदी कोडमध्ये लिहिल्याप्रमाणे. आणि तारांवर? स्टार्ट बिट, मग पहिले पाच बिट ठीक. तिथून पुढे ड्रायव्हरने तारा सोडल्या आणि बायसच्या रेझिस्टरांनी जोडी विश्रांतीच्या स्थितीत, म्हणजे १ वर, नेऊन ठेवली. उरलेले तीन बिट, पॅरिटी आणि स्टॉप, सगळे १.

४४ म्हणजे ०१०० ०१००. त्याचे वरचे तीन बिट १ झाले की होतं १११० ०१००, ई४. पीसीने तेच दाखवलं : शेवटचा बाइट ई४, पॅरिटी चुकलेली. फ्रेम बाद.

मायक्रोकंट्रोलरने सगळं बरोबर पाठवलं होतं. तो बोलत असताना आम्हीच त्याच्या तोंडावर हात ठेवत होतो.

दुपारी १.१५

डबा. बाहेर पाऊस. मामांच्या डब्यात अळूची भाजी होती, ती सगळ्यांनी वाटून खाल्ली.

दुपारी १.४५

दुरुस्ती आता सोपी आहे, पण रात्रीचा प्रश्न सुटल्याशिवाय मला तिला हात लावायचा नव्हता. दोष सापडला असं म्हणायचं तर त्या दोषातून तक्रारीतली प्रत्येक ओळ निघाली पाहिजे. एकही ओळ उरली तर आत आणखी काहीतरी दडलेलं असतं.

मुलीनेच सुरुवात केली. ‘मॅडम, वरचे तीन बिट आणि पॅरिटी आधीपासूनच १ असतील तर?’

बरोबर. तशा बाइटचं काहीच बिघडणार नाही. मग तिने हिशेब मांडला. वरचे तिन्ही बिट १ हवेत. इव्हन पॅरिटीचा बिट १ यायला बाइटमधल्या एकांची संख्या विषम हवी. खालच्या पाच बिटांच्या बत्तीस रचनांपैकी निम्म्यांत ते जुळतं, म्हणजे सोळा. २५६ पैकी १६ बाइट सुखरूप जातात. सोळात एक. दिवसा पंप चालू, नळ चालू, पातळी सतत मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलते, म्हणून सीआरसी दर वेळी वेगळा. त्यामुळे मधूनच एखादा आकडा चमकतो. रात्री सगळं बंद, पाणी स्थिर. तोच आकडा, तोच सीआरसी, तोच शेवटचा बाइट. तो नशिबाने त्या सोळांतला असला तर रात्रभर सुरळीत, नसला तर पहाटेपर्यंत शुकशुकाट.

वही उघडली. परवाच्या रात्रीची नोंद दादांनी अकरा वाजल्यापासून तासातासाला केली होती : २.४१९, २.४१९, २.४१९. २४१९ मिलिमीटर, हेक्समध्ये ०९ ७३. मी तिला सीआरसी हातानेच काढायला सांगितलं. एफएफएफएफपासून सुरुवात, एकेक बाइट एक्सऑर, आठ वेळा उजवीकडे सरकवणं, बाहेर पडलेला बिट १ असला की ए००१ ने एक्सऑर. वेळ लागतो, पण एकदा हाताने केलं की हा प्रकार कायमचा समजतो. उत्तर आलं एफएफ, एफ१. शेवटचा बाइट एफ१ : ११११ ०००१. वरचे तीन बिट १, एकूण पाच एक, विषम, पॅरिटी १. सुखरूप.

मग शेजारचे आकडे काढले. २४१८ ला शेवटचा बाइट ३१. बाद. २४२० ला ३३. बाद. पाणी एक मिलिमीटर वर किंवा खाली असतं तरी ती रात्र कोरडी गेली असती.

दिवसा चमकलेले आकडेही दादांनी वहीच्या समासात लिहून ठेवले होते. ते प्रोग्रामला घातले. प्रत्येकाचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ई किंवा एफने सुरू होणारा. एकही अपवाद नाही. स्क्रीनसमोर बसून तासातासाला आकडे लिहिणाऱ्या माणसामुळे हे शक्य झालं. आमच्या कुठल्याही यंत्राने त्या नोंदी ठेवल्या नव्हत्या.

दुपारी ३.००

आता कोड. थांबा काढून टाकायचा आणि खरा फ्लॅग वापरायचा : टीएक्ससी, ‘पाठवणं पूर्ण’. शिफ्ट रजिस्टरातून स्टॉप बिटही बाहेर पडला आणि यूडीआरमध्ये नवं काही वाट बघत नसलं, तरच तो वर येतो. वेग कुठलाही असो, पॅरिटी असो-नसो, तो बरोबरच असतो, कारण त्याला मोजायचं नसतं. ज्या हार्डवेअरने बिट ढकलले तेच सांगतं.

सहाशेच्या जागी बाराशे लिहूनही ही साइट चालू झाली असती. मी तसं करणार नाही. उद्या कुणी ४८०० लावेल आणि पुन्हा हाच खेळ. शिवाय १९२०० ला बाराशे मायक्रोसेकंद तारा उगाच अडवून धरल्या, आणि पीएलसीने तेवढ्यात पुढचा प्रश्न टाकला तर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळेल.

टीएक्ससीच्या वागण्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तो खाली करायचा तर त्याच्यावर १ लिहायचा, ० नव्हे. नवख्याला हे उलटं वाटतं. आणि यूसीएसआर-ए लिहिताना चुकांच्या बिटांवर ० च जायला हवा, असं डेटाशीट स्पष्ट सांगतं. म्हणून इथे आहे तो आकडा वाचून त्यात बिट मिसळायचा नाही. हवा तो पूर्ण आकडा सरळ लिहायचा.

दुसरी गोष्ट जास्त बारीक. मी पाठवणं इंटरप्टवर चालवते : यूडीआरईचा इंटरप्ट पुढचा बाइट भरतो, टीएक्ससीचा इंटरप्ट शेवटी पिन खाली आणतो. समजा मधेच सेन्सर वाचायच्या कामाने इंटरप्ट थोडा वेळ बंद ठेवले आणि बाइट भरायला उशीर झाला. शिफ्ट रजिस्टर रिकामं पडतं, टीएक्ससी मधेच वर येतो. इंटरप्ट परत सुरू झाले की रांगेत यूडीआरईचा नंबर आधी असतो. तो शेवटचा बाइट भरतो, ‘आता काही उरलं नाही’ अशी नोंद करतो. पाठोपाठ टीएक्ससीचा इंटरप्ट येतो, तो मघाच्या खोट्या विश्रांतीचा. त्याला वाटतं सगळं झालं, आणि तो पिन खाली आणतो. पुन्हा शेवटचा बाइट कापला, आणि या वेळी महिन्यातून एकदा, कधीतरी. सापडणं महाकठीण.

उपाय एका ओळीचा : प्रत्येक बाइट यूडीआरमध्ये टाकण्याआधी टीएक्ससी पुसायचा. आणि टीएक्ससीच्या इंटरप्टमध्ये खरंच काही उरलं नाही ना, हे पाहूनच पिनला हात लावायचा. या ओळीवर मी मराठीत चार ओळींची टीप लिहिली. पुढे कुणालातरी ती ओळ जास्तीची वाटेल आणि तो ती काढून टाकेल, त्याच्यासाठी.

संध्याकाळी ५.१०

चाचणी. १२०० पासून सुरुवात, मग २४००, ४८००, ९६००, १९२००, ३८४००. प्रत्येक वेगावर स्कोपमध्ये एनेबलची कड पाहिली. ती आता स्टॉप बिटच्या शेवटाला चिकटून खाली येते. वेग बदलला की तीही आपोआप सरकते. मुलगी सेन्सरऐवजी खोटे आकडे घालून शून्यापासून ६५५३५ पर्यंत सगळ्या पातळ्या फिरवतेय, म्हणजे शेवटच्या बाइटची कुठलीच रचना सुटणार नाही. मग मुद्दाम इंटरप्ट लांबवून तो मधला खोटा टीएक्ससीही घडवून आणला. फ्रेम शाबूत राहिली.

११५२०० जमत नाही, आणि ते कोडचं काम नव्हे. १६ मेगाहर्ट्‌झला तिथे साध्या पद्धतीने ३.५ टक्के चूक येते, दुप्पट वेगाचा बिट लावून २.१. डेटाशीट अशा फ्रेमला दीड टक्क्याच्या आत राहा म्हणते. टेबलावर तो चालताना दिसतो, पण मी त्याला मंजुरी देणार नाही. पुढच्या बोर्डावर १४.७४५६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल घालायचं ठरलं. त्याला ११५२०० नेमका जातो, रजिस्टरमध्ये ७. तोवर मेन्यूमधून तो पर्याय काढला.

संध्याकाळी ६.३०

ऑपरेटरदादांना फोन केला. दोष केबलचा नव्हता हे आधी सांगितलं, कारण ती केबल ओढताना त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी भर पावसात टाकीची शिडी चढलेली आहे.

‘ताई, मग रात्री चालायचं ते?’

त्यांना २४१९ ची गोष्ट सांगितली. बिट, पॅरिटी सगळं फोनवर उलगडलं नाही, पण पाणी एका ठरावीक उंचीवर थांबलं तरच संदेश पुरा पोहोचायचा, एवढं त्यांच्या लगेच लक्षात आलं. ते म्हणाले, वहीत आणखी मागच्या रात्रीही आहेत, त्याही तपासून बघा. बघणार आहे.

खोकं मामांनी बंद केलं, ग्लँड घट्ट केल्या, नवी आवृत्ती लिहिलेलं लेबल चिकटवलं. शुक्रवारी सकाळच्या कुरिअरने जाईल. बाकीच्या साइटवर १९२०० मुळे सगळं ठीक चाललंय, तरी तो जुना थांबा तिथेही बसलेला आहे. त्या साइटची यादी काढायला घेतलीय, जवळच्या आधी.